दोर धरला की कापला

४ फेब्रुवारी

‘चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद’ असं वर लिहिलं होतं, ते खोडलं. सत्तरी ओलांडलेल्या बहिणीला चिरंजीव काय म्हणायचं, आणि आशीर्वाद द्यायला माझा हात आता तिथवर पोचतो कुठे? मग ‘प्रिय’ लिहिलं. तेही नाटकातल्यासारखं वाटलं. म्हणून नुसतंच सुरू करतो. अक्षर ओळखशील. माझा ‘ळ’ अजून तसाच आहे, पोट सुटलेला.

पत्राला कारण तसं काही नाही. इकडे सर्व ठीक. मी एक पुस्तक वाचतोय आणि त्याबद्दल बोलायला इथे कोणी नाही, एवढंच.

त्याचं असं झालं, की वाचनालयातल्या बाई चष्म्याची काडी मोडली म्हणून दुकानात आल्या. दुकान आता मुलगाच बघतो. त्याने डोळे तपासायचं यंत्र आणलंय. माणसाने हनुवटी टेकवली की नंबर आपोआप छापून येतो. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आता शोभेला. माझ्याकडे काड्या, स्क्रू आणि नाकावरच्या गाद्या एवढंच खातं उरलंय. मी काडी बसवून दिली. बाई म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही वाचनालयात दिसत नाही कधी.” म्हटलं, “बारीक अक्षर नको वाटतं आता.” चष्मेवाल्याच्याच तोंडी हे ऐकून त्यांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या अक्षरातलं एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. लोककथांचा संग्रह. कोणीतरी गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी जशाच्या तशा उतरवून घेतल्यात.

भिंगरे, त्यातल्या कितीतरी गोष्टी आईच्या आहेत!

म्हणजे आईच्या तोंडून ऐकलेल्या. पहिल्याच पानावर ते गाढव भेटलं, वेशीवरची घंटा गिळणारं. मला एकदम दुकानावरची आपली खोली दिसली. पडदा ओढून घेतलेला, फरशी गार. आई बेकरीतून आलेली, कोपरापर्यंत पीठ, आणि अंगाला पावाचा वास. तिच्या एका कुशीला तू, एका कुशीला मी. “डोळे मिटा म्हणजे सांगते.” मी मिटायचो आणि संपलंच.

गोंधळ इथेच आहे. मला गाढवाने घंटा गिळली इथपर्यंतच माहीत होतं. आजवर माझ्या हिशेबी ती घंटा गाढवाच्या पोटातच होती. कधी पोटात गुडगुडलं की मला त्याची आठवण यायची. आणि आता वाचतो तर काय, गाढव शिंकतं! घंटा बाहेर पडते, तिच्यासोबत चोरांनी लपवलेली राजाची अंगठीसुद्धा, आणि गाढव कोतवाल होतं. हे कधी झालं? मी कुठे होतो?

झोपलो होतो, दुसरं काय. प्रत्येक गोष्टीत अर्ध्यावर. बघ, शाळेतल्या कविता मला अजून तोंडपाठ आहेत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कारण त्या उभं राहून चालीवर म्हणायच्या असत, आणि उभ्याने झोप लागत नाही. गोष्टी आडव्या पडून ऐकल्या, तिथे घात झाला.

तुला सगळ्या पूर्ण माहीत असतील. तू कधी झोपायची नाहीस. पायाला भिंगरी होती तशी डोळ्यांनाही असावी.

बाकी काही नाही. तब्येतीला जप.

दादा


१९ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, त्यामुळे तो विषय नाही. पुस्तकाबद्दल पुढे लिहितो.

न हसणारा राजा आठवतो? देशोदेशीचे विदूषक येतात, उलट्या कोलांट्या मारतात, राजा ढिम्म. मला वाटत होतं तो तसाच मेला. मी वर्गात सुद्धा त्याच्यासारखं तोंड करून बसायचो, गुरुजी विचारायचे, “पोटात दुखतंय का रे?” आता कळलं की राजा हसतो. एका धोबिणीने त्याला ओळखलं नाही आणि ‘ए बाबा, जरा ते टोक धर’ म्हणून ओल्या चादरीचं टोक त्याच्या हातात दिलं. दोघं पिळायला लागली, तिने जोरात पिळलं आणि राजा गरकन फिरून चिखलात बसला. मी एकटाच इतका हसलो, की सूनबाई पीठ मळता मळता बाहेर आली.

“काय झालं बाबा?”

“राजा हसला.”

“कुठला राजा?”

“अगं, तो हसत नव्हता ना इतकी वर्षं.”

तिने हाताचं पीठ झटकलं. मग आत जाऊन मुलाशी हळू आवाजात बोलली. दुपारी मुलाने मला यंत्राला हनुवटी टेकवायला लावली. डोळ्यांचा आणि या गोष्टीचा काय संबंध, देव जाणे.

चेटकिणीकडे जीभ गहाण टाकणारी विधवा, तिचंही तेच. मी तिला मुकीच सोडली होती. तिला जीभ परत मिळते. एवढंच नाही, सोबत चेटकिणीचीही मिळते, आणि मग सबंध गावाला ऐकून घ्यावं लागतं. पुस्तक मिटून बसलो. तुझी वहिनी नेहमी म्हणायची, “तुम्ही ना, कायम वाईटच धरून चालता. माणूस अजून दारात आहे तोवर तुम्ही तो रुसून गेला म्हणून मोकळे.” मी म्हणायचो, स्वभाव आहे. आता वाटतं, स्वभाव कसला, मला सगळं जग मधल्या पानापर्यंतच ठाऊक होतं. मधल्या पानापर्यंत सगळ्याच गोष्टी वाईट असतात.

वहिनी गेल्याचं तुला कोणी कळवलं, मला माहीत नाही. तुझं पत्र आलं होतं. मिळालं होतं, एवढंच आज लिहितो. त्याआधीचंही मिळालं होतं.

सूनबाई आत्ता डोकावून गेली. “बाबा, काय लिहिताय एवढं?” म्हटलं, “लोककथांवर टिपण करतोय.” ती म्हणाली, “टिपणाला पाकीट लागतं का?” जिभेला हाड नाही तिच्या. वहिनीच्या हाताखाली तयार झालीय.

या पुस्तकात होडीची गोष्टही आहे. अनुक्रमणिकेत बघितली. ती मी अजून वाचलेली नाही. पान दिसलं की बोट आपोआप पुढचं उलटतं. उद्या वाचेन.

दादा


२ मार्च

वाचली.

आधी मला जेवढी माहीत होती तेवढी लिहितो, म्हणजे तुला कळेल मी काय धरून बसलो होतो. दुष्काळ पडलेला, घरात मूठभर धान्य, नदीपलीकडचं रान हिरवं. भाऊ-बहीण काठावर येतात. होडी एकाच माणसापुरती. भाऊ बहिणीला उचलून होडीत बसवतो आणि म्हणतो, “तू हो पुढे, मी आलोच.” होडी निघते. धुकं असतं. बहीण मागे वळून हाक मारते, “दादा, येतोस ना?” काठावरून आवाज येतो, “आलोच!” आणि भाऊ काही जागचा हलत नाही.

बस. इथे मला झोप लागायची. माझ्या लेखी तो भाऊ म्हणजे बहिणीला वाटेला लावून घर स्वतःकडे ठेवणारा.

आता तूच सांग. तुला नोकरी लागली, तू इतक्या लांब जायला निघालीस, तेव्हा मी काय म्हटलं होतं? “तू हो पुढे, मी आईला घेऊन येतो.” खरंच यायचं होतं. पण आई म्हणाली, बेकरी सोडून मी तिकडे काय करू. मग दुकान वाढलं, मग लग्न झालं, मग आईचे गुडघे गेले. येणं राहिलं. आईला बघायला येत गेलीस ती तूच.

आई गेली तेव्हाही तूच आलीस. तेराव्या दिवशी म्हणू, चौदाव्या म्हणू, तू परत निघालीस. मी तुझी ट्रंक खांद्यावर घेतली होती, हमालाला हात लावू दिला नव्हता. बसच्या पायरीवर चढताना तू वळून म्हणालीस, “दादा, तू अगदी त्या होडीच्या गोष्टीतला भाऊ आहेस.”

मला जेवढी गोष्ट माहीत होती तेवढ्यात हे वाक्य ठेवून बघ. आई नुकती गेलेली. खोली माझ्याकडे, दुकान माझ्याकडे. मी वळलो आणि चालायला लागलो. बस सुटल्याचा आवाज ऐकला, मागे बघितलं नाही.

आता पुस्तकातली गोष्ट ऐक. पुस्तकात एक दोर आहे. दोराचं मला माहीतच नव्हतं! भाऊ होडीला दोर बांधतो, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. पाण्याला ओढ फार असते. त्याने काठावर पाय रोवून दोर सोडत सोडत होडी पैलतीराला नेली नसती, तर ती धारेला लागून फुटली असती. कोणीतरी काठावर राहणं भागच होतं. पलीकडे पोचल्यावर बहीण दोर झाडाला बांधते. तिकडे संसार करते. आठवण आली की दोराला हिसका देते, इकडून भाऊ उलट हिसका देतो. खूप वर्षांनी एकदा इकडून हिसका येत नाही. बहीण थांबते. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा ती दोर धरून चालत चालत अलीकडे येते. बघते तर दोर एका झाडाच्या खोडाभोवती आहे, आणि झाडाची मुळं पाय रोवल्यासारखी.

मी चष्मा काढून पुसला. परत घातला. परत पुसला.

म्हणजे तू मला दूषण दिलंच नव्हतं? तू जागी असायचीस, तुला गोष्ट पुरती ठाऊक होती. बसच्या पायरीवर तू मला दोर धरणारा म्हणालीस?

असं म्हणून पान उलटणार तोच खाली बारीक अक्षरात टीप दिसली. अख्खं पुस्तक मोठ्या अक्षरात, नेमकी ही टीप बारीक. “काही गावांत ही गोष्ट अशी सांगतात की, होडी मध्यावर गेल्यावर भावाने दोर कापला, आणि घरी जाऊन उरलेलं धान्य एकट्याने खाल्लं.”

भिंगरे, आईने कोणती सांगितली होती?

एवढंच विचारायचं आहे. पहिल्या दोन पत्रांतही एवढंच विचारायचं होतं, गाढव आणि राजा मधे आले. दोर धरला की कापला, हे एका ओळीत लिही. कार्डावर लिहिलंस तरी चालेल.

दादा


११ मार्च

ते पत्र फाडून टाक. माझी मती ठिकाणावर नाही.

आज वाचनालयात गेलो. बाईंनी दोनदा निरोप पाठवला होता, कोणी दुसरं त्या पुस्तकासाठी थांबलंय. मला बघून म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही वाचताय की पाठ करताय?”

मी ती टीप काढून पुढे केली. “बाई, या दोनांतला खरा शेवट कोणता?”

“दोन्ही खरे.”

“असं कसं? दोर एक तर धरला असेल नाहीतर कापला असेल.”

“लोकांनी सांगितलेली गोष्ट आहे ना आजोबा. जिथे जशी सांगितली तशी.”

“मग छापता कशाला? छापलं की माणूस विश्वास ठेवतो.”

तिथे वर्तमानपत्र वाचत बसलेले गृहस्थ म्हणाले, “अहो, मुलांच्या गोष्टी त्या, एवढं काय मनाला लावून घेताय!” मी त्यांना म्हटलं, “तुमच्या नाकावर तो चष्मा वाकडा बसलाय, म्हणून तुम्हाला सगळं सोपं दिसतं.” बाईंनी मला पाणी दिलं. पुस्तक मात्र काढून घेतलं.

घरी येताना डोक्यात शाळेतल्या चालीवर दोन ओळी फिरायला लागल्या. माझ्याच आहेत, दुसऱ्या कोणाला दोष नको:

अलीकडे मी, पलीकडे तू, मधे धुक्याचे पाणी,
दोर कुणाच्या हाती उरला, सांगत नाही कोणी.

गुरुजींनी दहात चार दिले असते. तेही अक्षरासाठी.

मुलगा म्हणतो, आत्याला सरळ फोन लावा ना. फोनवर काय बोलणार? फोनमध्ये खोडता येत नाही. आणि समजा तू म्हणालीस, ‘कापला’. मग मी फोन ठेवायचा की धरून उभं राहायचं? इतकी वर्षं मी जे धरून बसलो ते खरं निघालं तर निदान मी मूर्ख ठरत नाही. खोटं निघालं तर बरं वाटेल, पण मग या सगळ्या वर्षांचं करायचं काय? यातलं मला काय हवंय तेच कळत नाही. सकाळी एक हवं असतं, चहा झाला की दुसरं.

फाडून टाक. हेही फाड.

दादा


२८ मार्च

तुझं पत्र मिळालं. पाकीट फोडायच्या आधी दुकानातल्या भिंगाखाली धरून तुझं अक्षर बघितलं. थरथर आलीय. औषध घेतेस ना?

चारदा वाचलं आणि मी पहिल्यापेक्षा जास्त गोंधळात आहे. तू लिहिलंस तेच तुला परत लिहून दाखवतो, माझी समजूत बरोबर आहे का ते बघ.

तू लिहितेस: “दादा, तिसरं आणि चौथं पत्र एकाच दिवशी आलं. फाडून टाक हे आधी वाचलं, म्हणून साहजिकच तिसरं दोनदा वाचलं.” हे ठीक. तू लहानपणापासून अशीच.

पुढे लिहितेस: “शेवट मला काय विचारतोस? आई कुठल्याच गोष्टीच्या शेवटाला कधी पोचली नाही. कोंबडा आरवायच्या आत उठून भट्टीवर जाणारी बाई ती. राजा शिकारीला निघाला रे निघाला की ती घोरायला लागायची. तू मात्र डोळे मिटून हं, हं करत राहायचास. मग पुढचं मी सांगायचे. तिच्यासारखा आवाज काढून. तुला पत्ताच नसायचा. थोड्या वेळाने तुझंही हं बंद व्हायचं आणि मी एकटी छताकडे बघत गोष्ट संपवायचे.”

इथे मी पत्र खाली ठेवलं आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसलो.

भिंगरे, आईचा आवाज म्हणून एक आवाज माझ्याकडे आहे. हळू, जरा घोगरा, शब्द ओढून बोलणारा. वहिनी दवाखान्यात होती तेव्हा मी तो आठवून बसायचो. आता ऐकायला लागलो तर कळेना, यात आई किती आणि तू किती. जिथून मला गुंगी येत असे तिथून पुढे जर तू असशील, तर जिवापाड जपलेला तो आवाज वेणीला लाल फीत बांधलेल्या पोरीचा आहे. मला वाईट वाटलं की बरं, सांगता येत नाही. आई गेल्यासारखं वाटलं, आणि तू आल्यासारखं.

मग होडी. तू लिहितेस: “होडीला माझा एक शेवट नव्हता. ज्या दिवशी तू माझं दप्तर उचलायचास, त्या दिवशी भाऊ पोहत मागून यायचा. ज्या दिवशी वेणी ओढायचास, त्या दिवशी त्याला मगर खायची. मगर चांगली पोसली होती तुझ्यावर. दोर कुठला आलाय? दोराचं मी आत्ता तुझ्याच पत्रात वाचलं.”

म्हणजे धरला नाही आणि कापलाही नाही! मी महिनाभर ज्या दोराला लोंबकळत होतो तो आपल्या गोष्टीत नव्हताच.

आणि शेवटी: “स्टँडवर मी तसं म्हटलं, मला चांगलं आठवतं. पण ते अर्धं होतं. पुढचं बोलायचं होतं. मागून माणसं चढत होती, मी पिशवी वरच्या फळीवर ठेवायला वळले. परत खिडकीशी येऊन बघते, तर तू नाहीस. कंडक्टर म्हणाला, ‘बाई, कोणाला शोधताय?’ मी म्हटलं, ‘कोणाला नाही.’ मला वाटलं, ट्रंक उचलून थकलास, माझा कंटाळा आला. पुढचं वाक्य काय होतं ते मला माहीत आहे. पण ते पत्रात लिहिणार नाही. गोष्ट अर्ध्यावर टाकून जायची सवय आहे तुला. समोर बसशील तर सांगेन.”

यावर मी काय लिहावं? मगरीचा दिवस होता की दप्तराचा, तेवढं तरी लिहायचं होतंस.

सूनबाईने पाकिटावरचं नाव वाचलं. संध्याकाळी माझे दोन सदरे इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेले दिसले. मी म्हटलं, “हे कशाला?” म्हणाली, “टिपण घेऊन जायचं असेल ना कुठे.”

दादा


९ एप्रिल

तुझ्या जिन्यात बसून लिहितोय. कागद गुडघ्यावर आहे, अक्षर वाकडं येईल.

येतोय म्हणून कळवलं नाही. कळवलं असतं तर तू ‘ये’ म्हणाली असतीस किंवा ‘नको’ म्हणाली असतीस, आणि दोन्ही वाचून मी आणखी महिनाभर घोळ घातला असता. मुलगा सोडायला येतो म्हणत होता. म्हटलं, नको, मला वाटेत विचार करायचा आहे. वाटेत झोप लागली.

तुझ्या दाराला कुलूप आहे. पायपुसण्याशेजारी निळ्या चपला आहेत, एका चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला. टाका बघून ओळखलं, इतका बारीक टाका तूच घालतेस. खिडकीत कुंडी, तिच्यातली माती ओली आहे. म्हणजे तू आज आहेस, लांब गेलेली नाहीस. समोरच्या घरातली बाई बाहेर आली.

“कोण हवंय?”

मी तिला नात्याने काय सांगावं ते पटकन सुचेना. म्हटलं, “मी यांचा... चष्मेवाला.”

“चष्मा द्यायला आलात होय? त्या भाजी आणायला गेल्यात. या, आत बसा, पंख्याखाली.”

“नको, इथे बरा आहे.”

“अहो, त्या चार माणसांशी बोलत बोलत येतात. वेळ लागेल.”

“लागू दे.”

आता ती दाराच्या फटीतून माझ्यावर नजर ठेवून आहे. साहजिक आहे. इस्त्रीचा सदरा चुरगळलेला, मांडीवर कागद, आणि बोलला काय तर चष्मेवाला.

भिंगरे, तुझं पुढचं वाक्य काय असेल याचा मी बसमध्ये जागा असेपर्यंत अंदाज बांधत होतो. एकदा ते गोड निघालं, एकदा असं कडू की पुढच्याच थांब्यावर उतरून परतीची बस धरावी. एकदा वाटलं, तुलाही आता ते आठवत नसेल, आणि मला इथवर आणायला तू थाप मारली असशील. तीही मी मान्य करतो.

मात्र या जिन्यात बसल्यावर एक झालं. मला ते वाक्य कोणतं हवंय, याचा विचार बंद पडला. काय बोलायचं ते बोल. मगर तर मगर. खिडकीशी येऊन तुला मी दिसलो नाही, एवढंच आता डोक्यात फिरतंय.

खाली कोणीतरी आलंय. पिशवी पायरीवर टेकवल्याचा आवाज. दम खाणं चाललंय. समोरच्या बाईने कठड्यावरून वाकून सांगितलं, “अहो, तुमचा चष्मेवाला बसलाय वर कधीचा!”

खाली पिशवी परत उचलल्याचा आवाज.

मग कोणीतरी म्हणालं, “मी तर चष्मा करायला टाकलेला नाही.” आवाज हळू आहे, जरा घोगरा. शब्द ओढून बोलणारा.

पावलं परत सुरू झाली. एक पायरी, थांबणं, मग दुसरी. तू नसलीस तरी मी इथून उठणार नाही. आता वळणावर पिशवी दिसली, पालेभाजीची देठं, आणि कठड्यावर हात. खाली उतरून पिशवी घ्यायला हवी, लिहीत काय बसलोय